बॉयलरला मोजून, घराला ओतून

चाकण एमआयडीसीत बॉयलर असलेल्या कुठल्याही नीट चालणाऱ्या कारखान्यात पाण्याची एक वही असते. ऑपरेटर पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरच्या पुढचं पाणी काचेच्या चंबूत घेतो, बफरचे थेंब टाकतो, चिमूटभर काळी पूड घालतो आणि चंबू हलवून उजेडात धरतो. पाणी निळं झालं की जीव भांड्यात पडतो. लालसर जांभळं झालं तर सॉफ्टनरमधलं रेझिन थकलं, मिठाच्या पाण्याने धुवायची वेळ आली. मग रंग निळा होईपर्यंत दुसरं द्रावण थेंब थेंब सोडायचं, थेंब मोजायचे, आकडा वहीत लिहायचा, खाली सही करायची. बॉयलरच्या पाण्याचा कठीणपणा शून्याच्या जवळ लागतो आणि तो तसा आहे याची खात्री पुन्हा पुन्हा करावी लागते. नळ्यांवर क्षाराचा थर चढला की धातूची उष्णता पाण्यात उतरत नाही, नळी तापत जाते आणि फुटते. अशा अपघातात माणसं जातात, म्हणून वही.

पाळी सुटते. ऑपरेटर कंपनीच्या बसने मोशीला किंवा चिखलीला उतरतो, लिफ्टने वर जातो, गिझरचं बटण दाबतो. त्या गिझरमध्ये कुठलं पाणी आहे? काल धरणाचं होतं, आज टँकरचं असेल, मध्ये बोअरचं मिसळलं असेल. त्यात क्षार किती? सोसायटीतल्या दोनशे घरांपैकी एकालाही सांगता येणार नाही. हा ऑपरेटर सांगू शकला असता, त्याच्या हातात ती विद्या आहे. त्याला कोणी विचारलेलंच नाही.

मला याचा राग येतो. गाडीच्या सुट्या भागाचा व्यास मायक्रॉनमध्ये तपासणारा हा पट्टा आहे. बॉयलर आणि पाणी शुद्ध करायची यंत्रं बनवणारी थरमॅक्स चिंचवडचीच. मापन हा इथल्या हजारो घरांच्या पोटापाण्याचा व्यवसाय आहे. आणि याच घरांतल्या गिझरच्या कॉइल, शॉवरच्या जाळ्या, डायव्हर्टरची कार्ट्रिज वर्षा-दोन वर्षांनी कचऱ्यात जातात आणि आपण म्हणतो, ‘काय करणार, इथलं पाणीच जड आहे.’

इथलं म्हणजे नक्की कुठलं, हे आधी बघू.

पवना धरणातलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उचलून निगडीच्या सेक्टर 23 मधल्या केंद्रात शुद्ध होतं आणि पिंपरी-चिंचवड शहरात वाटलं जातं. सह्याद्रीवर पडलेला पाऊस खडकावरून वाहत धरणात साठतो. जमिनीत मुरून महिनोन्‌महिने राहायला त्याला वेळच मिळालेला नसतो, म्हणून हे पाणी मऊ असतं. साबणाला भरपूर फेस येतो, तूरडाळ कुकरमध्ये नीट शिजते, नळावर पांढरे डाग पडत नाहीत. या पाण्याने कुणाचा गिझर क्षाराने मेल्याचं मी ऐकलेलं नाही.

बोअरच्या पाण्याची गोष्ट वेगळी. आपल्या पायाखालचा काळा कातळ, दख्खनचा बेसाल्ट, साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्याच्या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि कातळाच्या भेगांतून उतरताना ही दोन्ही द्रव्यं विरघळवत जातं. जितकं खोल आणि जितका मुक्काम लांब, तितकं पाणी सहसा जड. पाचशे फुटांच्या बोअरला लागलेलं पाणी कुठल्या पावसाळ्यातलं आहे, सांगता येत नाही.

शहरात नोव्हेंबर 2019 पासून दिवसाआड पाणी सुरू झालं. ‘तात्पुरतं’ म्हणून आलेली ही व्यवस्था पुढे वर्षानुवर्षं चालली. पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून आणायच्या योजनेविरुद्धच्या आंदोलनावर 9 ऑगस्ट 2011 रोजी मावळात गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले आणि काम थांबलं. त्या तीन जिवांचा हिशेब बाजूला सारून जलवाहिनीवर घाईने मत देणं मला जमणार नाही. आंद्रा आणि भामा आसखेड धरणांतून शहराला 267 दशलक्ष लिटर मंजूर झालं, ते टप्प्याटप्प्यानं येणार होतं. शहर मात्र टप्प्यांसाठी थांबलं नाही. 1997 मध्ये हद्दीत आलेल्या मोशी, चिखली, चऱ्होली, रावेत, पुनावळे या गावांत वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. धरणाच्या पाण्यात जी तूट पडते ती बोअर आणि टँकर भरून काढतात. टँकर भरतो तो बहुतेक विहिरीवर किंवा बोअरवरच.

म्हणजे एकाच फ्लॅटमध्ये, एकाच नळाला, आठवड्यात दोन-तीन जातींचं पाणी येतं. ‘पिंपरी-चिंचवडचं पाणी जड आहे’ हे वाक्य म्हणूनच चुकीचं आहे. पवनेचं पाणी मऊ आहे. जड आहे ते बोअरचं, किंवा टँकरनं विकत घेतलेलं. टँकरचा ट्रिपमागे दर ठरतो, बिल मिळतं, सेक्रेटरी सही करतो, आणि त्यात काय आहे हे बिलावर कुठेच नसतं.

आता आकडे. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500 ची 2012 ची आवृत्ती, एकूण कठीणपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानते आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेते. समजा, तुमच्या टँकरचं पाणी 500 चं आहे. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये 500 म्हणजे पाच किलो चुनखडी विरघळलेली. चार माणसांच्या घराला रोज पाचशे लिटर लागतं असं धरा. रोज पाव किलो, वर्षाला नव्वद किलो. यातली बरीचशी मोरीतून वाहून जाते, खरं आहे. पण नव्वद किलोंतला दोन-चार टक्के भाग जरी गिझरमध्ये आणि गरम पाण्याच्या लाइनमध्ये बसला, तरी काय होतं ते प्लंबर दाखवतो.

मी उघडताना पाहिलेल्या एका पंचवीस लिटरच्या गिझरची खालची प्लेट सैल केल्यावर आधी गढूळ दुधी पाणी आलं. मग कपचे पडायला लागले. पांढरे, पिवळट, काही तपकिरी, अंड्याच्या कवचाइतक्या जाडीचे, बादलीत खडखड आवाज करत. कॉइल बाहेर ओढायला गेलो तर निघेना, कारण आत जाताना बोटाएवढी असलेली कॉइल आता मनगटाएवढी झाली होती. प्लंबरने स्क्रूड्रायव्हरने ठोकून थर फोडला, तेव्हा आतली तांब्याची नळी एका जागी काळी पडून चिरलेली दिसली. टाकीच्या तळाला हाताचा पंजा बुडेल एवढा भुगा होता.

हे होतं कसं? विरघळलेल्या कॅल्शियमला पाण्यात धरून ठेवतो तो कार्बन डायऑक्साइड. पाणी तापलं की तो निसटतो आणि चुनखडी खाली बसते. साठ अंशांच्या पुढे हे फार झपाट्यानं होतं, म्हणून सगळ्यात जाड थर सगळ्यात तापलेल्या जागी, थेट कॉइलवर. थराआड अडकलेली उष्णता बाहेर पडत नाही, कॉइल स्वतःच्याच उष्णतेनं जळते.

इथे विक्रेत्यांचा एक दावा तपासून घ्यायला हवा: ‘क्षारामुळे गिझरचं वीजबिल तीस टक्के वाढतं.’ विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यात बुडलेली असते. तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. जायला दुसरी जागाच नाही. त्यामुळे युनिट फारसे वाढत नाहीत, कॉइल मात्र मरते. गॅस गिझरचं गणित उलटं आहे, तिथे नळीच्या आत थर बसला की ज्योतीची उष्णता सरळ वरच्या धुरातून निघून जाते आणि सिलिंडर लवकर संपतो. गच्चीवरच्या सोलरचं आणखी वेगळं. तांब्याच्या बारीक नळ्यांचं पॅनेल जड पाण्यानं चोंदतं, काचेच्या नळ्यांचं जास्त टिकतं. बिल्डरने कुठलं बसवलंय ते गच्चीवर जाऊन एकदा डोळ्यांनी बघा.

क्षाराच्या नावावर दुसरीही पापं खपतात. प्राधिकरणातल्या, संभाजीनगर-शाहूनगरातल्या जुन्या इमारतींत जीआयच्या, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपातून पाण्याची धार करंगळीएवढी होते तेव्हा सगळे म्हणतात क्षार बसला. पाइप कापून बघा. आत तपकिरी, गाठी-गाठींचं जे दिसतं ते बहुतेक वेळा गंज असतं. ओळखायची रीत सोपी आहे: कपच्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर चुनखडी, नाही फसफसलं तर लोखंड. चुनखडी लिंबूफुलाच्या पाण्यात रात्रभर ठेवली की विरघळते. गंजलेला पाइप बदलावाच लागतो. या एका लिंबानं हजारो रुपयांचा चुकीचा खर्च वाचतो.

आणि ते बाथरूमचं ॲसिड! टाइल्सवरचे पांढरे ओघळ घालवायला म्हणून आणतात. डाग जातो, सोबत फटींतलं सिमेंट जातं, नळाचं क्रोम जातं, आणि तेच ॲसिड कुणी ब्लीचिंगच्या पाण्यात मिसळलं तर क्लोरिन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये. कामाला येणाऱ्या मावशींच्या हातात ही बाटली देऊ नका. लिंबूफुलाची पुडी किराणा दुकानात मिळते.

आता मीटरवाल्यांकडे. दारात येतात, टीडीएसचं पेन पाण्यात बुडवतात, आकडा दाखवतात, तोंड गंभीर करतात. मग दोन ग्लासांत विजेच्या कांड्या घालतात आणि तुमच्या नळाचं पाणी डोळ्यांदेखत तपकिरी होतं. ही शुद्ध फसवणूक आहे. तो तपकिरी रंग कांडीच्या लोखंडाचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं. आरओच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही म्हणून ते स्वच्छ राहतं, एवढंच. चिमूटभर मीठ टाका, त्यांच्या आरओचं पाणीही तसंच घाण दिसेल.

त्या पेनाला कठीणपणा कळत नाही, त्याला एकूण विरघळलेले क्षार अंदाजे कळतात. आणि आरओ घेतला तरी पाइपांना त्याचा काय उपयोग? रोजच्या पाचशे लिटरांतलं दहा-पंधरा लिटर त्यातून जातं. उरलेलं जसंच्या तसं गिझरमध्ये. शिवाय ज्या घराला फक्त पवनेचं पाणी मिळतं तिथे आरओ कशाला? राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्येच सांगितलं होतं की टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घाला. लिटरभर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत सोडणारं यंत्र दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात विनाकारण लावणं मला पटत नाही.

पाइपला चुंबक गुंडाळून क्षार घालवणारेही आहेत. त्यांच्याकडे एकच मागणी करा: यंत्राच्या आधीचं आणि नंतरचं पाणी चंबूत घ्या, थेंब मोजा. आकडा हलत नाही. ‘क्षाराचा आकार बदलतो, बसत नाही’ असं ते मग म्हणतात. तर दोन वर्षांनी गिझर उघडून दाखवायची लेखी हमी द्या, म्हणावं.

आरोग्याची भीती दाखवून विकणं तर फार चालतं. वाकड-हिंजवडीकडे केस गळायला लागले की पाण्यावर बिल फाटतं. जड पाण्यानं केस राठ होतात, साबणाचा साका चिकटतो, त्वचा कोरडी पडते. टक्कल पडतं याला ठोस पुरावा नाही. मुतखड्याचंही तसंच. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. जड पाण्याचं खरं नुकसान नळकाम, कपडे, साबण आणि खिशात आहे, ते तिथेच मोजावं. पाण्यातल्या जंतूंची भीती मात्र खरी आहे. 2025 च्या जानेवारीत पुणे परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा खासगी टँकर आणि पाणी केंद्रांचे नमुने तपासले गेले. तसं व्हायलाच हवं, आणि साथ नसतानाही व्हायला हवं.

मग उपाय काय? सॉफ्टनर. तोच, जो कारखान्यात आहे. रेझिनचे मणी पाण्यातलं कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात, मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे. साधं, जुनं, पक्कं तंत्र. पण सोसायट्यांत त्याची जी परवड चालते ती बघवत नाही. लाखो रुपये घालून यंत्र बसतं, फोटो ग्रुपवर पडतो, दोन महिन्यांनी मीठ संपतं. आणायचं कुणी? समिती म्हणते वॉचमननं, वॉचमन म्हणतो मला सांगितलंच नाही. रेझिन थकलेलं, पाणी जसं येतं तसंच पुढे जातं, आणि यंत्राचा दिवा हिरवा असतो.

त्यात कुणीतरी टीडीएसचं पेन आणतं आणि ओरडतं, ‘सॉफ्टनरनंतर आकडा उलट वाढला, फसवलं आपल्याला!’ नाही फसवलं. कॅल्शियमच्या जागी सोडियम आलं, वजनाला किंचित जास्तच. टीडीएस कमी होणं अपेक्षितच नव्हतं. यासाठीच चंबू हवा, पेन नको.

सॉफ्टनरचं पाणी पिऊ मात्र नका. 500 चा कठीणपणा काढला की लिटरमागे सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम येतं. रक्तदाबाच्या रुग्णाला दिवसाकाठी दोन लिटर हे पाणी पाजायचं म्हणजे डॉक्टरांनी बंद केलेलं मीठ मागच्या दारानं द्यायचं. स्वयंपाकघरातला नळ वेगळ्या लाइनवर ठेवा. आणि रेझिन धुतलेलं खारट पाणी सांडपाणी शुद्ध करायच्या एसटीपीत जाऊ देऊ नका. ते शेवटी बागेच्या पाइपात येतं आणि दोन उन्हाळ्यांत जमीन कडक करून टाकतं. यंत्र विकत घेतलं तेव्हा हा खारा निचरा कुठे जाणार हे कुणी विचारलं होतं का? मी विचारत फिरलो तेव्हा बहुतेकांना प्रश्नच नवा होता.

सॉफ्टनर परवडत नसेल त्यांनी गिझरचं बटण पंचावन्नच्या आसपास आणावं, वर्षातून एकदा टाकी धुऊन घ्यावी, आतली मॅग्नेशियमची कांडी झिजली असेल तर बदलावी. ही कांडी स्वतः झिजून टाकीचं लोखंड वाचवते. ती आत असते हेही पुष्कळांना माहीत नाही. नळाच्या तोंडची जाळी महिन्यातून एकदा काढून लिंबूफुलाच्या पाण्यात टाकावी.

हे सगळं फ्लॅटवाल्यांचं झालं. चाकणजवळच्या म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळीच्या खोल्यांत कंत्राटी कामगार राहतात, एका खोलीत चौघं-पाच जण. गिझर नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत हीटरचा रॉड. बोअरचं पाणी, रॉडवर पांढरं कवच, सकाळच्या पाळीची घाई, कवच फुटून रॉड जळतो आणि कधी कधी चिरलेल्या रॉडमधून पाण्यात वीज उतरते. इथे जड पाणी थेट जिवावर बेततं. खोलीमालकानं भाडं घेताना मीटरबोर्डाला वीजगळती ओळखून प्रवाह तोडणारा ब्रेकर बसवायलाच हवा. या माणसांनी जोडलेल्या गाड्या देशभर धावतात. पावलागणिक मोजमाप करणाऱ्या कंपन्यांनी आपल्या कंत्राटी माणसांच्या वस्तीतल्या बोअरचं पाणी वर्षातून एकदा आपल्या प्रयोगशाळेत तपासून दिलं तर काय बिघडेल? चंबू तोच, पूड तीच, माणूसही तोच.

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. विषयपत्रिकेत पार्किंग असेल, गणपतीची वर्गणी असेल. त्यात हा ठराव घाला: संस्थेत येणाऱ्या धरणाच्या, बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा कठीणपणा वेगवेगळा, फेब्रुवारीत आणि मेमध्ये, शासनमान्य प्रयोगशाळेतून तपासून आकडे सूचना फलकावर लावावेत, टँकर पुरवणाऱ्याच्या बिलावर विहिरीचा किंवा बोअरचा ठिकाणा लिहून घ्यावा, सॉफ्टनर असेल तर आठवड्याला थेंबांची तपासणी करून वहीत नोंद ठेवावी. फेब्रुवारी आणि मे यासाठी, की उन्हाळ्यात बोअरचं पाणी खाली जातं आणि एकाच वेळचा नमुना दिशाभूल करतो.

खजिनदार खर्चाचं विचारतील. तपासणीचा संच एका टँकरच्या ट्रिपपेक्षा स्वस्त पडतो. वही कोण भरणार असं कुणी विचारलं, तर सभेत जरा मागे वळून बघा. चाकणला बॉयलरवर काम करणारा एक तरी माणूस शेवटच्या खुर्च्यांत बसलेला असेल. त्याचं नाव सुचवा, दुसऱ्या कुणाला तरी अनुमोदन द्यायला लावा, आणि समितीत घ्या.